काडतुसाचा विस्मृत जनक आणि त्याच्या बंदुकांचे राखणदार

जानेवारी १८१३. रशियाच्या मोहिमेत आपली महासेना गमावून नेपोलियन पॅरिसला परतला, त्याला जेमतेम पंधरवडा झाला होता. त्याच सुमारास त्याचा पोलीसमंत्री सावारी याने एका नव्या बंदुकीची वार्ता त्याला पत्राने कळवली. या बंदुकीने २ मिनिटांत २२ बार काढले होते.

त्या काळी कवायतीत मुरलेला शिपाई ठासणीच्या बंदुकीतून मिनिटाला दोन, फार तर तीन बार काढी. म्हणजे नव्या बंदुकीचा वेग जवळपास चौपट होता. ती घडवणारा होता सामुएल योहानेस पाउली. फ्रेंच कागदपत्रांत तो ज्याँ सामुएल पाउली म्हणून भेटतो. आज पोलिसांच्या, सैनिकांच्या आणि नेमबाजांच्या हातातली बहुतेक हत्यारे ज्या काडतुसावर चालतात, त्याचे पहिले पूर्ण रूप या माणसाने घडवले. तरीही कोल्ट, विंचेस्टर, माउझर ही नावे ज्यांना तोंडपाठ असतात, अशा इतिहासप्रेमींपैकी फारच थोड्यांच्या कानावर पाउलीचे नाव आलेले असते.

हा धागा पाउलीविषयी आहे. त्याहून अधिक तो त्याच्या बंदुका आज ज्यांच्या ताब्यात आहेत, त्यांच्याविषयी आहे. अशी वस्तू घरात असणे म्हणजे नेमके काय असणे, आणि तिची कदर करायची तर कशी, हा प्रश्न वाटतो तितका शौकिनांपुरता नाही.

पाउलीचा जन्म १७६६ चा, स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहराजवळच्या फेखिगेन गावचा. स्विस तोफखान्यात तो सार्जंट होता आणि तोफांच्या वापरावर त्याने एक पुस्तिकाही लिहिली होती. १८०० नंतर लवकरच त्याने पॅरिस गाठले. तेथे फ्रांस्वा प्रेला या फ्रेंच बंदूककाराच्या सहकार्याने त्याचे प्रयोग सुरू झाले आणि २९ सप्टेंबर १८१२ रोजी त्याला आपल्या बंदुकीचे पेटंट मिळाले.

त्याने काय केले हे कळण्यासाठी आधीची बंदूक कशी चाले, हे आठवावे लागते. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, मग गोळी, मग गजाने दोन्ही तळापर्यंत ठासायची. नळीच्या बुडाशी एक बारीक छिद्र असे. त्याला बंदुकीचा कान म्हणत. त्या कानाशी असलेल्या छोट्या पात्रात रंजक, म्हणजे बारीक दारू, भरायची. चाप ओढला की चकमक धरलेला घोडा पोलादावर आपटे, ठिणगी रंजकीवर पडे, रंजक भडके आणि कानातून आग आत शिरे. या साखळीतला कोणताही दुवा दगा देऊ शकत असे. पावसाने रंजक भिजे, वाऱ्याने उडून जाई, आणि कधी नुसतीच रंजक भडकून बार आत तसाच राही. शिवाय गज घालण्यासाठी शिपायाला उभे राहावे लागे, आणि तेही समोरून गोळ्या येत असताना.

या साखळीचा पहिला दुवा तोडला तो अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मगुरूने. तो पाखरांचा शिकारी होता. रंजक भडकताच पाखरे सावध होऊन उडतात, ही त्याची साधी तक्रार होती. आघाताने पेट घेणाऱ्या स्फोटक भुकटीचा वापर करून त्याने चकमक हद्दपार केली आणि १८०७ मध्ये पेटंट घेतले. परंतु फोर्सिथची बंदूक ठासणीचीच राहिली. दारू, गोळी आणि ठिणगी या तीन गोष्टी अजूनही वेगवेगळ्या मार्गांनी बंदुकीत जात होत्या.

पाउलीने त्या तिन्ही एका पुडक्यात बांधल्या. बुडाशी धातूची चकती, तिच्या मधोमध एक इवलीशी वाटी, वाटीत आघाताने पेटणारी भुकटी. चकतीला जोडलेली कागदाची किंवा पितळेची नळकांडी, तिच्यात दारू आणि टोकाला गोळी. बंदुकीच्या मुठीवरची लांब पट्टी वर उचलली की नळीचे बूड उघडे पडे. काडतूस मागून आत सरकवायचे, पट्टी खाली दाबायची, चाप ओढायचा. आतली सुई थेट चकतीच्या मध्यावर आदळे. सगळे आत, सगळे कोरडे, आणि बसून किंवा आडवे होऊनही करता येण्याजोगे.

या रचनेतली खरी बुद्धिमत्ता मात्र डोळ्यांना दिसत नाही. मागून भरायच्या बंदुका पाउलीच्या आधीही होत्या, काही तर शतकानुशतके जुन्या. त्यांचा जीवघेणा दोष एकच होता: बार उडताच तप्त वायू मागच्या फटीतून बाहेर पडे, चालवणाऱ्याच्या तोंडावर येई आणि गोळीचा जोर कमी होई. फट बुजवण्यासाठी कारागीर लोखंडाला लोखंड अधिकाधिक घट्ट बसवत राहिले, आणि दारूची काजळी साचून ते जोड अडकत राहिले. पाउलीच्या काडतुसाची मऊ धातूची बैठक बाराच्या क्षणी फुगून नळीला चिकटे, आणि वायूची वाट तेवढ्यापुरती बंद करी. पुढच्या क्षणी ती सैल होई. ज्या शक्तीने बंदूक फुटायची, त्याच शक्तीला त्याने दार लावायच्या कामाला जुंपले. आजचे पितळी काडतूस याच तत्त्वावर चालते. दोनशे वर्षांत त्यात सफाई आली, पण तत्त्व तेच राहिले.

मग नेपोलियनने ही बंदूक का घेतली नाही? समाजमाध्यमांवर याचे ठरीव उत्तर मिळते: द्रष्टा संशोधक आणि आंधळी सत्ता. हे उत्तर आकर्षक आहे आणि बरेचसे चुकीचे आहे.

जानेवारी १८१३ मध्ये फ्रान्सला काही महिन्यांत एक संपूर्ण नवी फौज उभी करायची होती. त्या फौजेला लागणारी ठासणीची बंदूक फ्रेंच शस्त्रशाळांतले कारागीर वर्षानुवर्षे घडवत आले होते, आणि कोणत्याही छावणीतला लोहार ती दुरुस्त करू शके. पाउलीच्या बंदुकीचे बूड घड्याळजीच्या हातचे काम मागे. त्याहून मोठी अडचण काडतुसाची होती. प्रत्येक बारामागे एक नेमक्या मापाची धातूची बैठक लागणार. ती पुन्हा वापरता येई, पण त्यासाठी शिपायाने लढाईच्या धुरात ती जपून खिशात टाकायला हवी. लाखो बैठका एकाच मापाच्या पाडणारी यंत्रे त्या काळी नव्हती. शिवाय थोड्याशा आघाताने पेटणाऱ्या भुकटीची गाडाभर काडतुसे खडबडीत रस्त्यांवरून शेकडो कोस न्यायची, ही कल्पना कोणत्याही तोफखाना अधिकाऱ्याची झोप उडवण्यास पुरेशी होती. नेपोलियन स्वतः तोफखान्यातच वाढला होता. नकारात दूरदृष्टी नसेल, पण मूर्खपणाही नव्हता. पाउलीची कल्पना तयार होती, तिला पोसणारे कारखाने तयार व्हायचे होते. तोवर त्याच्या बंदुका श्रीमंत शिकाऱ्यांच्या हातीच शोभणार होत्या, आणि तशाच त्या शोभल्या.

१८१४ मध्ये पाउलीने लंडन गाठले आणि तेथे आणखी एक विलक्षण पेटंट घेतले: या वेळी ठिणगी भुकटीची नव्हती, तर वेगाने दाबल्यामुळे तापलेल्या हवेची होती. पुढे कित्येक दशकांनी डिझेल इंजिनाने जे तत्त्व घरोघरी नेले, ते या माणसाने बंदुकीच्या बुडात बसवून पाहिले. तेवढ्याने समाधान झाले नाही म्हणून ड्यूर्स एग या लंडनच्या नामांकित, मूळच्या स्विस बंदूककाराला हाताशी धरून त्याने डॉल्फिन माशाच्या आकाराचे हवाई जहाज बांधायला घेतले. त्याची पिशवी बैलाच्या आतड्यांतल्या पातळ पडद्यांचे थरावर थर चिकटवून केली होती. जहाज कधीच उडाले नाही. एगचे पैसे मात्र उडाले, आणि लंडनकरांनी त्या प्रकल्पाला ‘एगचा वेडेपणा’ असे नाव ठेवले. पाउलीचा वेडेपणा असेही कोणी म्हटले नाही. थट्टेतसुद्धा त्याच्या वाट्याला नाव आले नाही.

त्याची कल्पना पुढे नेली ती त्याच्या दुकानाने. १८०९ ते १८१४ या काळात पॅरिसमध्ये पाउलीच्या हाताखाली एक जर्मन कारागीर काम शिकत होता, योहान निकोलाउस ड्रायझे. झ्योमर्डा या आपल्या गावी परतल्यावर त्याने दोन दशकांहून अधिक काळ खटपट करून सुईची बंदूक सिद्ध केली. प्रशियाने ती १८४१ मध्ये स्वीकारली, आणि तिचे रहस्य फुटू नये म्हणून सरकारी कागदांत तिला मुद्दाम दिशाभूल करणारे, साध्या बंदुकीचे नाव दिले. ३ जुलै १८६६ रोजी क्योनिगग्रेत्सच्या रणांगणावर प्रशियाचे शिपाई जमिनीला चिकटून बंदुका भरत होते, आणि ठासणीच्या बंदुका घेतलेले ऑस्ट्रियाचे शिपाई उभे राहून गज चालवत होते. दिवसअखेर ऑस्ट्रियाच्या बाजूची मृत, जखमी, बेपत्ता आणि कैद मिळून हानी चाळीस हजारांवर गेली. प्रशियाची सुमारे नऊ हजार. या निकालाला बंदुकीखेरीज इतरही कारणे होती, हे खरे. तरी त्या दिवसानंतर युरोपातल्या कोणत्याही सेनापतीने ठासणीच्या बंदुकीची बाजू घेतली नाही.

पॅरिसचे दुकानही बंद पडले नाही. पाउलीनंतर ते रू याच्याकडे गेले, मग पिशेरोकडे आणि शेवटी कासिमिर लफोशो याच्याकडे. लफोशोने नळी मधोमध मोडून उघडणारी शिकारी बंदूक आणि बाजूला टाचणी असलेले काडतूस लोकप्रिय केले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ती बंदूक पाहून इंग्रज बंदूककार आधी हसले आणि मग तशाच बंदुका बनवू लागले. आज दुनळी बंदूक म्हटली की जी आकृती डोळ्यांपुढे उभी राहते, तिचे घराणे हे असे पाउलीच्या दुकानाशी जाऊन पोहोचते. पुढे १८६० च्या दशकात टाचणी मागे पडली आणि ठिणगी पुन्हा काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर आली. पाउलीने ती १८१२ मध्ये तेथेच ठेवली होती.

भारतीय वाचकाला या ठिकाणी १८५७ आठवल्याशिवाय राहणार नाही. एनफिल्ड बंदुकीचे ते कुप्रसिद्ध काडतूस म्हणजे दारू आणि गोळी बांधलेली कागदी पुडी होती. बंदूक तोंडाकडून भरायची असल्याने पुडी आधी दातांनी फाडून दारू नळीत ओतावी लागे, आणि गोळी नळीतून सहज खाली उतरावी म्हणून तिच्या टोकाला चरबी फासलेली असे. दात आणि चरबी, दोन्ही ठासणीच्या पद्धतीची देणगी. मागून भरायच्या, स्वतःत ठिणगी बाळगणाऱ्या काडतुसाला दातांची गरज पडत नाही. आणि असे काडतूस पॅरिसमध्ये पंचेचाळीस वर्षांपूर्वीच घडले होते. यावरून ‘पाउलीची बंदूक असती तर उठाव झाला नसता’ असा निष्कर्ष काढणे पोरकटपणाचे ठरेल. उठावाला खालसा केलेली राज्ये, जमिनी, भत्ते आणि अपमान यांची भरपूर दारू आधीच ठासलेली होती. तरी ज्या वस्तूमुळे ठिणगी पडली, ती त्या काळातही अपरिहार्य नव्हती, एवढे पाउलीच्या काडतुसाकडे पाहून कळते. आणि हेही थोडे नव्हे.

खुद्द ‘काडतूस’ हा मराठी शब्द पोर्तुगीज ‘कार्तूशो’वरून आला. पुडी, ठासणी, रंजक, बार, कान, घोडा, चाप, गज: बंदुकीचा हा सारा संसार मराठीत मुरला, आणि ही वस्तूही परक्या नावाने आली आणि रुळली. ‘फुसका बार’ म्हणणाऱ्याला आज ठासणीची बंदूक पाहिलेली असण्याचीही गरज उरलेली नाही.

आता या बंदुकांच्या मालकांकडे वळता येईल.

पाउलीच्या हातची किंवा त्याच्या परवान्याने घडलेली बंदूक आज क्वचितच लिलावात येते. तिच्या नळीवर ‘पॅरिसच्या पाउलीचा शोध’ अशा अर्थाची फ्रेंच अक्षरे कोरलेली असतात. वरवर पाहणाऱ्याला ती ठासणीच्या बंदुकीचीच बहीण वाटते, कारण दोन्ही बाजूंना घोड्यासारखे दिसणारे खटके आहेत. प्रत्यक्षात ते कशावरही आपटत नाहीत. आतल्या सुया ताणणे एवढेच त्यांचे काम. ओळखीच्या आकाराची सवय लागलेल्या गिऱ्हाइकाला बुजवू नये म्हणून ते तसे ठेवले की रचनेच्या सोयीने तसे झाले, यावर रसिकांनी खुशाल वाद घालावा. मुद्दा असा की तिचे मोल बाहेरून दिसत नाही, ते उघडून पाहावे लागते.

आणि बाजार तर बाहेरूनच पाहतो. जुन्या शस्त्रांची किंमत चढते ती दोन गोष्टींनी: नळीवर सोने किती आहे, आणि ती कोणाच्या हातात होती. एखाद्या सरदाराच्या शिकारखान्यातली अत्यंत सामान्य रचनेची बंदूक केवळ सोन्याच्या वेलबुट्टीवर लाखमोलाची होते. वेलबुट्टीला कला म्हणून किंमत असावीच. पण तंत्राच्या इतिहासात ज्या बंदुकीने पान उलटले, तिला साधेपणामुळे खालची रांग मिळावी, हे शस्त्रसंग्रहाच्या व्यवहाराचे दारिद्र्य आहे. इतिहासाच्या पुस्तकांनाही हीच खोड आहे. त्यांत बंदूक चालवणारे सेनापती ठळक अक्षरांत येतात, घडवणारे तळटिपेत, आणि घडवणाऱ्याला शिकवणारे तर कुठेच नाही.

या उलट्या मापाचा उपद्रव किमतीपुरता राहिला असता तरी चालले असते. तो वस्तूपर्यंत पोहोचतो. चकमकीच्या बंदुका १८३० आणि १८४० च्या दशकांत मोठ्या संख्येने टोपीच्या बंदुका करून घेण्यात आल्या. मालकांना पावसात चालणारे हत्यार हवे होते. असा बदल स्वतःच इतिहास होता. पुढे विसाव्या शतकात संग्राहकांना चकमकीची बंदूक अधिक ‘अस्सल’ वाटू लागली, भाव वाढले, आणि व्यापाऱ्यांनी टोपीचे भाग काढून नवे चकमकीचे घोडे बसवले. जी बंदूक दोन युगांची साक्षीदार होती, तिची जबानी अशी बदलून टाकण्यात आली. हा खोटेपणा पकडता येतो, पण पुसलेले पुन्हा लिहिता येत नाही. पाउलीच्या बंदुकांनाही पुढच्या काळात मालकांनी आपापल्या सोयीने नवी काडतुसे चालावीत म्हणून फेरफार केले असतील, तर ते फेरफार जसेच्या तसे राहू देणे हीच त्यांची निगा.

घासपूस हा याहून घरगुती गुन्हा आहे. महाराष्ट्रात जुन्या घराण्यांतली शस्त्रे खंडेनवमीला बाहेर निघतात, आणि पूजेआधी चिंच, राख किंवा तत्सम काहीतरी लावून लखलखीत घासली जातात. भाव निर्मळ असतो. परिणाम मात्र वर्षागणिक एक पापुद्रा कमी करणारा. पितळेवरचा तांबूस काळा रंग, लोखंडावरची तपकिरी झाक, कारागिराच्या हातोडीचा ठसा, चाचणीचे शिक्के, कोरलेले अर्धेमुर्धे नाव, हे सगळे त्याच पापुद्र्यात असते. शंभर खंडेनवम्यांनंतर चकाकी राहते आणि कागदपत्र जाते. कोरड्या मऊ फडक्याने पुसून हळदकुंकू फडक्यावरच वाहिले, तर पूजा उणी होत नाही.

काही संग्राहक आग्रहाने म्हणतात की बंदूक चालवल्याखेरीज कळत नाही. या म्हणण्यात अर्थ आहे. खटक्याचा ताण, पट्टी उचलण्याची लय, दोन बारांमधले श्वास, या गोष्टी वाचून कळत नाहीत. परंतु त्या काळच्या उत्तम नळ्या लोखंडी पट्ट्या पिळून, गुंडाळून आणि ठोकून जोडलेल्या असत. दोनशे वर्षांचा गंज त्या पट्ट्यांच्या सांध्यांत कुठवर शिरला आहे, हे बाहेरून कोणालाही दिसत नाही. चालवण्याचा हट्ट धरणारा माणूस एकाच वेळी स्वतःचा हात आणि मूळ पुरावा पणाला लावतो. अनुभवासाठी अचूक मापाची प्रतिकृती घडवता येते, आणि ती घडवताना जे कळते ते शंभर बार काढून कळत नाही. पाउलीच्या बुडाची प्रतिकृती करायला बसलेल्या कारागिराला नेपोलियनच्या अधिकाऱ्यांची अडचण पहिल्याच दिवशी उमजेल.

मग अशा वस्तू खाजगी घरांत असाव्यातच का? त्या संग्रहालयांकडे सोपवाव्यात, असे म्हणणाऱ्यांचा पक्ष बळकट वाटतो, आणि पूर्णपणे पटत नाही. मोठ्या संग्रहालयांच्या कोठारांत शस्त्रांच्या रांगा दशकानुदशके अंधारात पडून असतात. उलट विस्मृत बंदूककारांचा बराचसा अभ्यास खाजगी संग्राहकांनीच केला आहे: शिक्के जुळवले, सुट्या भागांवरचे आकडे नोंदवले, दुकानांचे पत्ते जुन्या शहरसूचींतून शोधले. पगारी माणसाला जिथे वेळ नसतो, तिथे वेडा माणूस आयुष्य घालतो. पण हा हक्क नोंदीने मिळवावा लागतो. बंदूक कोणाकडून आली, तिच्यावर काय कोरले आहे, कोणता भाग मूळ आणि कोणता नंतरचा, याची छायाचित्रांसह नोंद जो ठेवत नाही आणि अभ्यासकाला पट्टी उचलून आत पाहू देत नाही, त्याच्या कपाटात पाउलीची बंदूक असली काय आणि नसली काय, इतिहासाला सारखेच.

मारण्याच्या यंत्राचे कौतुक करावे का, हाही प्रश्न तरुण वाचक विचारतात, आणि तो विचारायलाच हवा. पाउलीच्या स्वतःच्या बंदुकांनी बहुतेक तितर आणि ससे मारले. त्याच्या कल्पनेने क्योनिगग्रेत्स घडवले. कदर करणाऱ्याने या दोन्ही गोष्टी एकाच टिपणात लिहाव्यात. यंत्र समजून घेतले म्हणजे त्याच्या परिणामाला माफी दिली असे होत नाही. आणि परिणाम भीषण म्हणून यंत्र न समजता सोडून दिले, तर एकोणिसावे शतकच हातातून निसटते.

कायद्याचीही बाजू आहे, आणि ती देशागणिक बदलते. अमेरिकेच्या संघीय कायद्यात साधारणपणे १८९८ पर्यंत घडलेली बंदूक पुरातन समजली जाते. ब्रिटनचा १९६८ चा कायदा पुरातन बंदूक दुर्मीळ वस्तू किंवा शोभेची वस्तू म्हणून बाळगू देतो. भारतातली कसोटी याहून कडक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे ४५ वे कलम कालबाह्य घडणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या शस्त्राला सूट देते, पण ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसेल तरच. म्हणजे वाड्याच्या माळ्यावर सापडलेली पणजोबांची ठासणीची बंदूक केवळ जुनी आहे म्हणून परवान्यातून सुटत नाही. तिच्या अवस्थेचा निर्णय घरच्यांनी करायचा नसतो. पोलीस ठाण्यात किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या परवाना शाखेत आधी विचारणे हाच शहाणपणा. शिवाय शंभर वर्षांवरच्या पुरावस्तू १९७२ च्या कायद्यामुळे खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत, हे परदेशातल्या लिलावांचे आकडे पाहून हुरळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

संग्राहकांची नजर नेहमी बंदुकीवर असते. पाउलीच्या बाबतीत ती थोडी खाली, पेटीच्या तळाशी जायला हवी. शिकारीच्या जुन्या लाकडी पेट्यांत बंदुकीबरोबर दारूचे माप, गोळ्यांचा साचा, तेलाची कुपी आणि असंख्य बारीकसारीक चिजा असत. व्यापारी अशा पेट्या फोडून एकेक वस्तू वेगळी विकतात, कारण तसे केल्यास बेरीज जास्त येते. बंदूक कपाटात जाते, साचा दुसऱ्याकडे, आणि ज्यांचा उपयोग कोणालाच सांगता येत नाही अशा वस्तू टाकून दिल्या जातात. पाउलीच्या काडतुसाची बैठक ही अशीच वस्तू आहे: बोटाच्या पेराएवढी, गोल, मध्ये खळगा असलेली, कोटाचे बटण म्हणून सहज खपेल अशी. बंदूक तिच्याविना केवळ एक लोखंडी नळी आहे. जुनी पेटी हाती आली तर खणांतले अस्तर उचलून पाहावे, आणि न ओळखता येणारी कोणतीही धातूची चकती फेकण्यापूर्वी तिच्या मध्यावर सुईच्या टोकाची खूण आहे का, ते उजेडात धरून तपासावे.